टर्बो इंजिनाची जुळणी

इंजिनाची शक्ति वाढविणें सोपें. ती टिकविणें कठीण. टर्बोचार्जर सिलिंडरांत हवा दाबून भरतो. त्यानें उष्णता वाढून इंधन अवेळीं पेटतें व पिस्टन फुटण्याचें भय उत्पन्न होतें. १९६२ सालच्या अमेरिकन 'ओल्ड्समोबील जेटफायर' मोटारींत मिश्रण १०.२५ पट दाबलें जाई. म्हणून मिथेनॉल-मिश्रित पाणी फवारावें लागे. पुष्कळ मालक तें भरीतच ना. १९६३ नंतर ती मोटार निघाली नाहीं. उलट १९७८ च्या स्वीडिश 'साब ९९ टर्बो'मध्यें हा दाब ७.२ पटींवर उतरविला व टर्बोचार्जर लहान निवडला. इंजिनाचें आयुष्य मालकाच्या स्मरणशक्तीवर सोंपविलें नाहीं. भाग निवडणाऱ्यानें प्रथम पिस्टन, इंधन व शीतन-योजना यांची सहनशक्ति पाहावी, टर्बोचार्जर मागाहून.