एक सायलेन्सर, अनेक रायफली

मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम उतारवयात जवळजवळ ठार बहिरे झाले होते. सारे आयुष्य बंदुकांच्या धडाक्यात घालविलेल्या माणसाला त्याच्या व्यवसायाने दिलेली ही दक्षिणाच म्हणावयाची! त्यांचेच चिरंजीव हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ साली अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळविले. पित्याने जो आवाज वाढविला, तो पुत्राने आवरला. १९१४ साली हौशी बिनतारी प्रक्षेपकांची अमेरिकन संघटना स्थापन करण्यातही ह्याच पुत्राचा पुढाकार होता, हे श्रोत्यांनी ध्यानी घेण्यासारखे आहे.

चित्रपटांनी ह्या उपकरणाविषयी एक भ्रम पसरविला आहे. सायलेन्सर लावताच रायफल मुकी होते, हा तो भ्रम. वस्तुस्थिती तशी नाही. रायफलीचा आवाज दोन ठिकाणी जन्मतो. दारू पेटून उत्पन्न झालेला तप्त वायू नळीच्या तोंडाशी एकदम हवेत फुटतो, तो पहिला आवाज. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून वेगाने धावली की तिच्या वाटेवर हवेत फटाक्यासारखा कडाका उठतो, तो दुसरा. ह्या दुसऱ्यावर कोणत्याही सायलेन्सरची मात्रा चालत नाही. पहिल्यावर मात्र चालते. नळीच्या पुढे बसविलेल्या डब्यात एकामागून एक पडदे असतात. गोळी त्यांच्या मधल्या भोकातून निघून जाते. वायू पडद्यांवर आदळत, वळत, निवत, सावकाश बाहेर पडतो. मोटारीच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच होय.

ह्या खटाटोपाचे फळ किती? रायफलीचा धडाका साधारणतः १६० ते १७० डेसिबेलचा असतो. चांगला सायलेन्सर त्यातून २५ ते ३० डेसिबेल कमी करतो. अंक लहान दिसला तरी ३० डेसिबेल कमी होणे म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपट घटणे. अशा क्षणिक धडाक्यांसाठी अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांनी घातलेली मर्यादा १४० डेसिबेलची आहे. म्हणजे उत्तम सायलेन्सरही कानास धोक्याच्या रेषेच्या जेमतेम अलीकडे आणून सोडतो. एकदा गेलेले श्रवण परत येत नाही. म्हणून जाणता नेमबाज सायलेन्सर असूनही कानांत बोळे घालतोच.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेतील शिकाऱ्याच्या घरी बहुधा एकच रायफल नसते. कोल्ह्यासारख्या लहान जनावरासाठी २२३ ची, हरणासाठी साडेसहा मिलिमीटरची वा ३०८ ची, आणि मोठ्या सांबरासाठी ३०० मॅग्नमची, अशा दोन-चार रायफली असतात. प्रत्येकीला वेगळा सायलेन्सर घेणे परवडत नसे. १९३४ च्या कायद्याने प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसविला होता; त्या काळी ही रक्कम सायलेन्सरच्या किमतीहूनही मोठी होती. १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला. नोंदणी आणि परवानगी मात्र कायम आहे. वस्तूची किंमत तर अद्यापि शेकड्यांनी डॉलर. तेव्हा एकाच सायलेन्सरवर सर्व रायफलींचे काम भागवावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे.

भागते काय? भागते; पण काही नियम पाळूनच.

पहिला नियम भोकाचा. मोठ्या भोकातून लहान गोळी जाते, लहान भोकातून मोठी कदापि नाही. ३०८ च्या गोळीचा व्यास ७·८ मिलिमीटर, २२३ च्या गोळीचा ५·७. म्हणून ३० कॅलिबरचा सायलेन्सर २२३ वर आणि साडेसहा मिलिमीटरवर निर्धास्त चालतो. उलट २२ कॅलिबरचा सायलेन्सर ३०८ वर लावणे म्हणजे सायलेन्सर फुटणे, आणि प्रसंगी हाता-तोंडाला इजा होणे. म्हणून निवड नेहमी घरातील सर्वांत मोठ्या गोळीवरून करावयाची. मोठ्या भोकाची किंमत थोडी मोजावी लागते. ३० कॅलिबरच्या भोकाचे क्षेत्रफळ २२ कॅलिबरच्या जवळजवळ दुप्पट असल्याने लहान गोळीमागचा वायू अधिक सुटतो आणि काही डेसिबेलांचा लाभ हातचा जातो. हा तोटा बहुतेकांस सोसण्याजोगा असतो. मात्र मोठ्या भोकाचा हव्यासही नको. ३३८ ची रायफल घरात नसताना केवळ पुढेमागे लागेल म्हणून त्या मापाचा सायलेन्सर घेणारा मनुष्य रोजच्या रायफलीवर विनाकारण अधिक वजन, अधिक लांबी आणि अधिक आवाज वाहतो.

दुसरा नियम दाबाचा. येथे भलेभले चुकतात. गोळी मोठी तेवढा सायलेन्सरवरचा ताण मोठा, असा समज आहे. पण नळीची लांबी ह्या हिशेबात तितकीच महत्त्वाची. लांब नळीत दारू जळून वायूचा दाब पुष्कळसा उतरतो. आखूड नळीत तो उतरण्यापूर्वीच वायू पडद्यांवर येऊन धडकतो, आणि अर्धवट जळलेल्या दारूचे कणही त्यासवे येतात. म्हणून दहा इंची नळीची २२३ ची रायफल चोवीस इंची नळीच्या ३०८ पेक्षा सायलेन्सरला अधिक झिजवू शकते. कोणत्या काडतुसासाठी नळी किमान किती लांब असावी, हे निर्माता आपल्या पत्रकात देतो. खरेदीपूर्वी तो आकडा पाहावा. मागाहून पाहण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न धातूचा. टायटॅनियम हलका. डोंगर चढून दिवसाकाठी एक-दोन गोळ्या झाडणाऱ्या शिकाऱ्याला तो उत्तम. परंतु लागोपाठ मारा करून तो फार तापविला तर त्याचे बळ घटते. पोलाद जड, पण सोशिक. निकेल आणि कोबाल्ट ह्यांच्या मिश्रधातूंचे पडदे उष्णतेत सर्वांहून टिकाऊ, किंमतही तशीच. शिकारीची रायफल आणि मैदानावर भराभर चालणारी स्वयंचलित रायफल ह्या दोहोंचे समाधान एका वस्तूने पुरते होत नाही. शिवाय स्वयंचलित रायफलीत सायलेन्सरमुळे वायू मागे रेटला जातो, तो नेमबाजाच्या डोळ्या-नाकाशी येतो आणि यंत्रही जोराने आपटू लागते. हाताने खटका ओढावयाच्या रायफलीला ही पीडा नाही.

चौथा प्रश्न आट्यांचा. अमेरिकेत २२३ च्या नळीच्या तोंडावर बहुधा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ असे आटे असतात; ३०८ वर पाच-अष्टमांश इंचाचे, इंचाला २४. त्यामुळे एका सायलेन्सरला दोन जोड लागतात, आणि ते बदलता यावेत अशी रचना आता रूढ झाली आहे. परंतु आटे जुळले म्हणजे भोक जुळले असे नव्हे! अर्ध्या इंचाचे तेच २८ आटे नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या नळीवरही आढळतात. सायलेन्सर सुखाने बसतो, आणि पहिल्याच गोळीला पडदे फाटतात. म्हणून जोड बदलल्यावर, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नळीच्या मापाची सरळ पोलादी कांब आरपार घालून पाहण्याची पद्धत आहे. कांब सर्व बाजूंनी मोकळी दिसली तरच पुढे जावयाचे. प्रत्येक रायफलीवर सायलेन्सर चढविल्यानंतर गोळीचा मार थोडा सरकतो. तेव्हा निशाण पुन्हा तपासून घेणेही ओघानेच आले.

राहिली धाकटी २२ ची रायफल, कडेच्या आघाताने पेटणाऱ्या काडतुसाची. तिची गोळी मोठ्या सायलेन्सरमधून जाते खरी; पण तिच्या उघड्या शिशाचा थर पडद्यांवर साचत जातो. जो सायलेन्सर उघडून साफ करता येत नाही तो अशाने हळूहळू भरून जड होतो. तिला उघडता येणारा वेगळा सायलेन्सरच बरा.

भारतात हा विषय बाजाराचा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या जोडसामानाचा समावेश बंदुकीच्या व्याख्येतच केला आहे. परंतु ह्या निवडीमागचा विवेक कोणत्याही देशातील अवजाराला लागू पडतो. अनेक कामांना चालणारी वस्तू प्रत्येक कामात थोडी उणी असावयाचीच. ते उणेपण कोठे सोसावयाचे आणि कोठे मुळीच नाही, हे आधी ठरविणे म्हणजेच निवड. आवाजात चार डेसिबेल अधिक सोसता येतील, वजनात पावशेर अधिक सोसता येईल. पण भोक आणि दाब ह्यांच्या बाबतीत तडजोड नाही. आणि कानांच्या बाबतीत तर नाहीच नाही. थोरल्या मॅक्झिमांना हे उमगले असेलही. पण तोवर कान गेले होते.