वापरलेली मोटार आणि निर्मात्याची हमी
(ग्राहक मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



वापरलेली मोटार विकताना "कंपनीची हमी अद्याप शिल्लक आहे" असे विक्रेता सांगतो. तेवढ्यावर विसंबणे इष्ट नव्हे. हमीची मुदत नव्या मोटारीच्या पहिल्या विक्रीपासून मोजली जाते. ठरलेली वर्षे वा किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल, तेथे ती संपते. शिवाय वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून घेणे ही हमीपत्रातील सर्वसाधारण अट असते.

ही अट निरर्थक नाही. इंजिनातील तेल वापराने निकस होते. ते न बदलल्यास गाळ साचून तेलाचे मार्ग कोंदतात व बेअरिंगे झिजतात. अशा बिघाडाचा खर्च कंपनी नाकारू शकते. हयगय आधीच्या मालकाची असली तरी भुर्दंड नव्या मालकास पडतो. मात्र काच वरखाली करणाऱ्या मोटरमधील निर्मितिदोषाचा तेलाशी काहीही संबंध नसतो. तेथेही नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी मागावे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी हमीपत्र, सर्व्हिस पुस्तिका व पावत्या पाहाव्यात. त्यांतील तारखा व किलोमीटर अधिकृत सर्व्हिस केंद्रातील नोंदींशी ताडून पाहावेत आणि उर्वरित हमी नव्या मालकास लागू होते किंवा नाही, हे विचारून घ्यावे.

एवढे करूनही अन्याय झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्या वेळी जपून ठेवलेल्या पावत्याच ग्राहकाच्या बाजूने साक्ष देतात.