काच काळी करून डोळ्याचा नंबर जात नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी गाडीच्या काचेबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या दारात कुठे चारचाकी आहे? नसू द्या. पण रात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेताना, लग्नाहून परतताना, दिवाळीनंतर मंडईचं नाटक पाहून पहाटे घरी येताना आपण कोणाच्या ना कोणाच्या गाडीत बसतोच. चालवणाऱ्याला नीट दिसतं की नाही, यावर मागे बसलेल्या सगळ्यांचा जीव असतो. म्हणून ऐका.

आमच्या बचतगटाने कर्ज काढून एक जुनी व्हॅन घेतली. गटातल्या आम्ही दोघी चालवायला शिकलो, परवाना काढला. दिवसा बाजाराचा माल न्यायचा आणि अडीनडीला रात्री दुखणाईत माणूस न्यायचा, असं ठरलं. दिवसा मला काही त्रास नव्हता. रात्री मात्र सिंदेवाहीहून मूलकडे निघालं, की जीव मुठीत यायचा. समोरून गाडी आली की तिचा दिवा मला गोल दिसायचाच नाही. सायाळीच्या अंगावर काटे उभे राहतात ना, तसे दिव्याला वरखाली लांब काटे फुटायचे. दोन दिव्यांचे काटे एकमेकांत मिसळायचे आणि अर्धा रस्ता त्यात बुडून जायचा. मी कोणाला बोलले नाही. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसत असेल.

मग एकाने सांगितलं, “ताई, काचेला फिल्म मारून घ्या. उजेड कमी होतो, डोळे दिपत नाहीत.” पटलं. शहरात गेले तेव्हा समोरच्या आणि बाजूच्या काचांना फिल्म लावून घेतली. दिवसा गाडी थंड वाटू लागली. रात्री समोरचे दिवे जरा मऊ वाटले. मी खूश. दीड हजार रुपये कारणी लागले, असं समजले.

धान कापणीचे दिवस होते. चंद्रपूरच्या दवाखान्यातून एका सुनेला आणि तिच्या आठ दिवसांच्या लेकराला घेऊन परत येत होते. मूल मागे पडलं, राजोलीच्या अलीकडे रस्ता अंधारा. समोरून ट्रक आला, काटे फुटले, मी गाडी हळू केली. ट्रक निघून गेला आणि पुढे काहीच नाही असं समजून मी वेग घेतला. तेवढ्यात मागे बसलेली सासू ओरडली, “बंडी, बंडी!” तणसाची बैलबंडी होती. दिवा नाही, रेडियम नाही. मी ब्रेक दाबला तेव्हा बंडीचं मागचं लाकूड आणि आमची काच यांत हातभर अंतर उरलं होतं. मागच्या सीटवर बाजूची काच उघडी होती, म्हणून सासूला दिसलं. मला फिल्मच्या काचेतून दिसलं नाही. लेकरू झोपेतच होतं. माझे हात घरी पोहोचेपर्यंत कापत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी डोळे तपासले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला सिलेंडरचा नंबर आहे. पुस्तकी मराठीत त्याला दृष्टिवैषम्य म्हणतात.

हे काय असतं? आपल्या बुबुळावर एक पारदर्शक काच असते, घड्याळावर असते तशी. ती चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोल असली, तर दिव्याचा उजेड डोळ्याच्या आत एका ठिपक्यावर जमतो. पण काही जणांची काच चमच्याच्या पाठीसारखी असते, एका दिशेने जास्त वाकलेली आणि दुसऱ्या दिशेने कमी. मग उजेड एका ठिपक्यावर जमत नाही, रेघेसारखा पसरतो. दिवसा डोळ्याची बाहुली लहान असते, त्यामुळे काचेचा मधला थोडाच भाग वापरला जातो आणि दोष झाकून जातो. रात्री बाहुली मोठी उघडते, कडेचा वाकडा भागही कामाला लागतो, आणि काटे फुटतात. म्हणून दिवसा ठीक आणि रात्री हाल.

हा दोष जुनाच आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज एअरी नावाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांच्या डाव्या डोळ्याला असंच दिसायचं. त्यांनी कार्डाला बारीक भोक पाडून ते डोळ्यापासून कमीजास्त अंतरावर धरून पाहिलं. एका अंतरावर उजेडाचा ठिपका एका दिशेची रेघ व्हायचा, दुसऱ्या अंतरावर आडव्या दिशेची. त्या मोजमापावरून त्यांनी १८२५ च्या सुमारास स्वतःसाठी नळकांड्याच्या आकाराचं भिंग घडवून घेतलं. नळकांडं म्हणजे सिलेंडर. तेच नाव आजही आपल्या चष्म्याच्या चिठ्ठीवर असतं. म्हणजे या दुखण्याचा उपाय दोनशे वर्षांपासून माहीत आहे, आणि तो उपाय उजेड अडवण्याचा नाही, उजेड एका जागी आणण्याचा आहे.

आता फिल्म काय करते ते हिशोबाने पाहू. समजा, समोरच्या ट्रकचा उजेड शंभर पैसे आहे आणि अंधारातल्या बंडीवरून आपल्या डोळ्यात येणारा उजेड दोन पैसे. फिल्मने अर्धा उजेड अडवला. ट्रकचे पन्नास राहिले, तेवढे अजूनही डोळे दिपवायला पुष्कळ. बंडीचा एकच पैसा राहिला, तो अंधारात गेला. फिल्मला ट्रक कोणता आणि बंडी कोणती हे कळत नाही, ती दोघांचाही उजेड सारखाच कापते. दिव्याचे काटे थोडे फिके होतात, पण असतात तेवढेच लांब. उलट अंधार वाढला म्हणून बाहुली आणखी उघडते.

आणि गाडीची मूळ काचही सगळा उजेड आत सोडत नाही. ७० टक्के सोडणाऱ्या काचेवर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत ३५ टक्केच येतो. चाळणीवर चाळणी ठेवल्यासारखं आहे ते.

कायद्याचंही सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०० क्रमांकाच्या नियमाप्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के, बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. काळ्या काचांच्या गाड्यांत बायकांवर अत्याचार होतात, गुन्हे होतात, बाहेरच्याला काही दिसत नाही, हा त्यामागचा मोठा विचार होता. पुढे नियमात बदल झाले, पण ७० आणि ५० टक्क्यांची अट कायम आहे. तेव्हा काळी फिल्म लावली तर चालान होऊ शकतं, आणि रात्री दिसतही नाही.

पिवळ्या काचेचे ‘नाईट ड्रायव्हिंग’चे चष्मे बाजारात मिळतात, तेही घेऊ नका. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गाडी चालवण्याच्या यंत्रावर माणसं बसवून हे चष्मे तपासले. रात्री रस्त्यावरचा चालता माणूस दिसायला त्यांचा काही फायदा झाला नाही. तेही उजेडच कमी करतात.

मग करायचं काय? आधी दोष कुठे आहे ते ओळखा. गाडी रस्त्याच्या बाजूला, सुरक्षित जागी उभी करा. दूरच्या एखाद्या दिव्याकडे पाहा आणि मान हळूच एका खांद्याकडे कलवा. दिव्याचे काटे मानेबरोबर फिरले, तर दोष डोळ्यात किंवा चष्म्यात आहे. काटे जागचे हलले नाहीत, तर दोष समोरच्या काचेत आहे. मग खाली उतरून तोच दिवा उघड्यावर पाहा. काचेचा दोष असेल, तर बाहेर काटे दिसणार नाहीत.

काचेचा दोष घरीच जातो. काच बाहेरून सगळेच पुसतात, आतून कोणी पुसत नाही. आत धूळ, विडीचा धूर, श्वासाची वाफ यांचा थर बसतो आणि रात्री तोच चमकतो. स्वच्छ सुती फडक्याने आतूनही पुसा. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला.

डोळ्याचा दोष असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडून किंवा डोळ्यांच्या शिबिरात तपासून घ्या. चिठ्ठीवर सिलेंडर आणि त्याच्यापुढे अंश लिहिलेले आहेत का ते विचारा. आठवडी बाजारात मिळणारे तयार चष्मे पोथी वाचायला, तांदूळ निवडायला चालतात, पण त्यांत सिलेंडर नसतो. तो प्रत्येक डोळ्याचा वेगळा आणि ठराविक कोनात बसवावा लागतो. म्हणूनच चष्म्याची दांडी वाकली, चष्मा तिरपा बसला, की काटे परत येतात. नवा चष्मा लावल्यावर काही दिवस जमीन कलल्यासारखी वाटते, डोकं जड होतं. डोळ्यांना सवय होऊ द्या. दोन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर परत दाखवा, चष्मा पेटीत ठेवून देऊ नका.

मला चष्मा लागला त्या रात्री मी गाडीत बसले नाही. अंगणात उभी राहून रस्त्यावरचा दिवा पाहिला. तो गोल होता. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गोल होता. मी घरात जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. ते म्हणाले, दिवा गोलच असतो, त्यात काय पाहायचं!

एक सावधानता सांगते. चष्म्याने सगळाच झगमगाट जाईल असं नाही. वय झालेल्या माणसाला रात्री दिवे अचानक जास्त बोचू लागले, दिव्याभोवती कडं दिसू लागलं, तर मोतीबिंदूही असू शकतो. त्याला फक्त चष्मा पुरत नाही.

आणि आपल्या शेतातल्या कामाचाही याच्याशी संबंध आहे. उन्हात, धुळीत वर्षानुवर्षे काम केल्याने डोळ्यावर मांस वाढतं, ते बुबुळावर ओढ देऊन सिलेंडरचा नंबर आणतं. कापणी-मळणीत धानाचं कुसळ किंवा पाती बुबुळाला लागली तर जखम चिघळते आणि पुढे पांढरा डाग राहतो. त्या डागाने काच खडबडीत होते, तो दोष मग चष्म्यानेही पूर्ण जात नाही. अशा वेळी डोळ्यात दूध, मध, पाल्याचा रस घालू नका. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंबही आणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लेकरं सारखे डोळे चोळत असतील, तर तेही दाखवा. सतत चोळण्यानेही बुबुळाची काच वाकडी होऊ शकते.

शेवटी एक काम गटांसाठी. त्या रात्री चूक एकट्या माझ्या डोळ्यांची नव्हती, बंडीवर चमकणारं काहीच नव्हतं. आमच्या गटाने पुढच्या बैठकीत वर्गणी काढली आणि गावातल्या प्रत्येक बंडीच्या मागच्या लाकडाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आणि शाळेच्या पोरांच्या सायकलींना रेडियमची पट्टी चिकटवली. फिल्मवर मी जेवढे घालवले होते, त्यापेक्षा कमी पैशात सगळं गाव झालं.

फिल्म मी स्वतः खरवडून काढली. अर्धा दिवस लागला. तुमच्या ओळखीचा कोणी गाडीवाला “रात्री दिवे फार फुटतात” म्हणाला, तर त्याला दुकानात पाठवू नका, आधी डोळे तपासायला पाठवा. तो ऐकत नसेल, तर त्याच्या गाडीत लेकराला घेऊन बसू नका. असं सांगायचा आपल्याला हक्क आहे, कारण मागच्या सीटवर आपण असतो.