वखार, किल्ला आणि फौज



परकीयांशी व्यापार चालू ठेवावा, पण त्यांचा हात आपल्या राजकारणात शिरू देऊ नये, हे साधावे कसे? मराठी मुत्सद्द्यांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला होता. १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी गडावर तोफा डागल्या, आणि त्याही स्वतःचे निशाण फडकावून! दुसऱ्याच वर्षी शिवाजीमहाराजांनी राजापुरावर स्वारी करून त्यांना कैद केले. तथापि व्यापाराचे दार त्यांनी कायमचे बंद केले नाही. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांना व्यापाराची मोकळीक मिळाली. जकात मात्र भरावयाची होती.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे धोरण स्पष्ट शब्दांत मांडलेले आढळते. इतर सावकार निव्वळ सावकार. टोपीकरांच्या पाठीशी त्यांचे राजे. म्हणून त्यांनी यावे, विकावे आणि जावे. वखारीस जागा द्यावयाचीच झाली, तर किनाऱ्यावर वा खाडीच्या मुखाशी नव्हे. आत, मोठ्या गावाच्या वस्तीत, सखल भूमीवर. आणि मजबूत इमारत बांधू देऊ नये. किनाऱ्यावरील वखारीस आरमाराचा आधार मिळून तिचा किल्ला होतो, भर बाजारात ती दुकानच राहते.

आता आपल्या या लखनौचेच पाहा. निशातगंजातून गोमती ओलांडली की रेसिडेन्सीचे भग्नावशेष फारसे दूर नाहीत. बक्सरच्या पराभवानंतर, १७६५ साली अलाहाबादच्या तहात, शुजाउद्दौल्याने कंपनीस बिनजकात व्यापार दिला, परंतु वखारी उघडण्यास हरकत घेतली आणि ती मान्यही झाली. अमात्यांचे आज्ञापत्र त्याच्या दृष्टीस पडले असण्याचा संभव नाही. तरी मर्म त्याने ओळखले होते. फसगत झाली ती दुसरीकडे. संरक्षणासाठी कंपनीची फौज घ्यावयाची आणि तिचा खर्च नवाबाने सोसावयाचा, असे ठरत गेले. खर्च वाढला, बाकी तुंबली. १८०१ साली सादत अलीखानास जवळजवळ अर्धे राज्य तोडून द्यावे लागले. १८५६ साली उरलेलेही खालसा झाले.

परदेशी मालाचे नाव निघताच आपल्याकडे स्वातंत्र्याची चिंता सुरू होते. मला त्या मालापेक्षा उसन्या फौजेचे आणि थकलेल्या कर्जाचे भय अधिक वाटते. अर्थात नवाबांना हसण्याचा अधिकार आपणा मराठ्यांना नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने तीच तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि अन्य सत्तेशी बोलणी करण्यापूर्वी कंपनीचा विचार घेण्याचे बंधनही लिहून दिले.