घर ‘बांधून झालं’ ते नेमकं कधी?



मृगाआधी कौलं चाळणारी, गच्चीच्या भेगा बुजवणारी आपण माणसं. गळकं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठिबकणारं छत आणि खाली ठेवलेलं पातेलं उभं राहतं. न्यूझीलंडमध्ये मात्र हजारो घरं गळत होती आणि राहणाऱ्यांना वर्षानुवर्षं त्याचा पत्ता नव्हता. आज त्या घरांबद्दल आणि त्यांच्या पायी न्यायालयापुढे आलेल्या एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

तिथल्या 1991 च्या बांधकाम कायद्यानं धोरण बदललं. घर कसं बांधावं हे ठरवून देण्याऐवजी ते कसं टिकलं पाहिजे एवढंच कायदा सांगू लागला. त्याच सुमारास भूमध्य सागराकाठच्या घरांची फॅशन आली. वळचणी आखूड झाल्या, छपरं सपाट झाली, बाहेरून गुळगुळीत गिलाव्याचं आवरण आलं. हे आवरण बहुतेकदा लाकडी सांगाड्यावर थेट ठोकलेलं असे. मागे हवा खेळायला पोकळी नसे. त्यात 1990 च्या दशकाच्या मध्यापासून औषधप्रक्रिया न केलेलं पाइनचं लाकूड सांगाड्याला चालू लागलं. खिडकीच्या कडेतून पाणी आत गेलं, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि लाकूड आतल्या आत कुजलं. 2009 मधल्या एका अंदाजानुसार अशी घरं सुमारे 42,000 होती आणि खर्च 11.3 अब्ज न्यूझीलंड डॉलर.

या घरांच्या मालकांसाठी 2002 आणि 2006 मध्ये खास कायदे झाले, 2007 पासून स्वतंत्र न्यायाधिकरण काम करू लागलं. पण दावा करायचा तर घर गेल्या दहा वर्षांत ‘बांधलेलं’ असावं, अशी अट होती. अट अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही. बांधणाऱ्याच्या डोक्यावर आयुष्यभर टांगती तलवार ठेवता येत नाही. साक्षीदार पांगतात, कागद हरवतात. पण कूज भिंतीआड असते, ती दिसेपर्यंत आठ-दहा वर्षं सहज निघून जातात. म्हणून घड्याळ कोणत्या दिवशी सुरू झालं, यावर सगळं अवलंबून राहतं.

असं एक प्रकरण ऑकलंडमध्ये घडलं. घराला नगरपालिकेचं पूर्तता प्रमाणपत्र मिळालं 1997 मध्ये. प्रत्यक्ष काम त्याआधीच संपलेलं. मालकांनी अर्ज केला 2007 मध्ये. प्रमाणपत्रापासून मोजलं तर मुदतीत, शेवटचा खिळा ठोकल्यापासून मोजलं तर मुदतीबाहेर. दावा अपात्र ठरला. मालक न्यायिक पुनर्विलोकनासाठी गेले.

अपील आणि पुनर्विलोकन यांतला फरक इथे समजून घेऊ. अपिलात वरचं न्यायालय विचारतं, निकाल बरोबर आहे का? पुनर्विलोकनात ते विचारतं, निर्णय देणाऱ्यानं कायदा नीट वाचला का, बाजू ऐकून घेतली का, आपल्या अधिकाराच्या कक्षेत राहून ठरवलं का? या प्रकरणात घर गळतं की नाही, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न ‘बांधलं’ या एका शब्दाचा होता.

खालच्या पायऱ्यांवर मालक हरले. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. सर्वसाधारण बांधकाम कायद्यात प्रमाणपत्राबद्दलच्या दाव्याची दहा वर्षं प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजली जातात. मग गळक्या घरांच्या मालकांना मदत म्हणून केलेल्या कायद्यात तेच दार आधी कसं बंद होईल? दोन्ही कायदे जुळवून वाचले गेले आणि दार उघडलं.

माझ्या मते हा निकाल योग्य होता. सामान्य माणूस भिंत फोडून आतलं लाकूड पाहू शकत नाही. तो नगरपालिकेच्या शिक्क्यावर विसंबतो. ज्या दिवशी शिक्का बसला, त्या दिवसापासूनच त्याची मुदत मोजायला हवी. पण त्याच श्वासात हेही सांगायला हवं, की अर्ज ते निकाल यात सात वर्षं गेली, तीही नुसती आत येण्याच्या परवानगीसाठी. तेवढ्या काळात ओल थांबत नाही. म्हणून मुदतीचे शब्द कायदा लिहितानाच स्पष्ट हवेत. मोजणी कोणत्या कागदापासून, हे मालकाला न्यायालयात जाऊन कळण्याची वेळ येऊ नये.

आपल्याकडे रेरा कायद्यानं बांधकामातल्या दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली आहे आणि न्यायाधिकरणांच्या निर्णयांवर उच्च न्यायालयाची देखरेख हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच सांगितलं आहे. हे संरक्षण मोलाचं आहे, पण ते तारखांवर उभं आहे. म्हणून एवढंच मागणं आहे. ताब्याचा कागद जपून ठेवा. भिंतीला पहिली ओल दिसेल त्या दिवशी फोटो काढा, तारीख घाला आणि बिल्डरला लेखी कळवा. पुढचा पावसाळा बघू, असं म्हणून थांबू नका.