मत ज्याचं त्याचं, झेंडा सगळ्यांचा

(विधानसभा व लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑगस्ट १९९९ मध्ये झालेल्या कार्यकर्ता शिबिरात संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलल्याप्रमाणे लिहून घेतले आहे, थोडे आटोपशीर केले आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी पाड्याच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



लावणी आटपून, पावसात चालत तुम्ही इथवर आलात. बेणणी अंगावर आहे, घरी पोरं आहेत, म्हणून मी लांबण लावणार नाही. निवडणूक आलीय. या खेपेला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही एकदम. म्हणजे जीपाही दुप्पट आणि पत्रकंही दुप्पट. पाड्यात येणारा प्रत्येक पुढारी एकच विचारतो, "तुमची संघटना कुणाकडं?" त्याला उत्तर कुणी द्यायचं, काय द्यायचं, आणि आपल्यातल्या एखाद्याला कुणाचा प्रचार करायचा असला तर त्याने तो कसा करायचा, एवढंच मला बोलायचंय.

आधी माझी चूक सांगते. काही जणांना ठाऊक आहे, पण सगळ्यांना नाही.

१९९५ ची विधानसभा. मी तेव्हा आमच्या पाड्याच्या समितीची खजिनदार होते. माझा दीर एका उमेदवाराच्या प्रचारात होता. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, कारण पक्ष चांगला की वाईट हे सांगायला मी उभी नाही. एक दिवस जीप दारात आली. दीर म्हणाला, "वहिनी, संघटनेचा झेंडा दे. जीपवर लावतो, म्हणजे लोक विश्वास ठेवतील." झेंडा माझ्याच घरी होता, आढ्याला खोचलेला. मी काढून दिला. कुणाला विचारलं नाही. वर त्याच जीपमध्ये बसून दोन पाडे फिरून पण आले.

आमच्या पाड्यात तेवीस घरं. त्यातली दहा घरं दुसऱ्या उमेदवाराकडची, कारण त्याच्या प्रचारात त्यांचा भाचा होता. त्यांना वाटलं, संघटनाच आपल्या भाच्यावर उलटली. त्यांनी चंदा बंद केला. बैठकीला येईनात. विहिरीवर बाया तोंड फिरवून पाणी भरू लागल्या.

मे महिन्यात फॉरेस्टवाले मजूर घेऊन आले. रोपवनाचे खड्डे खणायचे होते, आपल्या प्लॉटवर. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. ढोल वाजला की घरटी एक माणूस बांधावर. त्या दिवशी ढोल वाजला आणि दहा घरांची दारं लावलेलीच राहिली. गार्डाने आम्हाला मोजलं आणि हसला. त्याला आतली बातमी होती. संध्याकाळपर्यंत एका विधवा मावशीच्या प्लॉटात खड्डेच खड्डे झाले. ती मावशी कुणाच्याच बाजूची नव्हती. ती मला एवढंच म्हणाली, "बाय, तू दिलास तो झेंडा माझा पण होता ना?"

तो उमेदवार निवडून आला की पडला, हे मी मुद्दाम सांगत नाही. कारण खड्डे तेवढेच पडले असते.

त्या पावसाळ्यानंतर आपण पाड्यापाड्यात बसलो, भांडलो, रडलोसुद्धा. दहा घरं परत यायला दीड वर्ष लागलं. मग सर्वसाधारण सभेत नियम ठरले. आता नवीन पोरंपोरी संघटनेत आलीत, त्यांच्यासाठी ते परत सांगते.

पहिली गोष्ट. संघटनेचा पाठिंबा हा कार्यकर्त्याच्या खिशातला नाही. माझ्या नाही, सेक्रेटरीच्या नाही, शहरातून येणाऱ्या आपल्या साथींच्याही नाही. पाठिंबा द्यायचा तर आधी पाड्याची बैठक. बैठकीत बाया पाहिजेत. बाया नसतील तर ती बैठक धरायची नाही. तिथं जे ठरेल ते वहीत लिहायचं, सह्या-अंगठे घ्यायचे. विरोधात कोण बोललं तेही लिहायचं. सगळ्या पाड्यांच्या वह्या मग मध्यवर्ती समितीपुढे येतील. तीन पाड्यांतल्या एका पाड्याचा जरी विरोध निघाला, तरी संघटना कुणालाही पाठिंबा देणार नाही. तेव्हा जाहीर करायचं, या खेपेला मोकळं मत. मोकळं मत म्हणजे बहिष्कार नाही. मतदानाला जायचंच, फक्त कुणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

पोरं विचारतात, "मग एवढी भानगड कशाला? आपणच आपला उमेदवार का उभा करू नये?" चांगला प्रश्न आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यात १९४५ पासून वारल्यांचा लढा झाला, आणि त्या लढ्यातले शामराव परुळेकर १९५७ साली लोकसभेत गेले. तिकडे छत्तीसगडात नियोगींच्या मुक्ती मोर्चाने आपला माणूस विधानसभेत पाठवला. म्हणजे ते होऊ शकतं. विधानसभेला आपल्यासारख्याला दहा मतदारांच्या सह्या लागतात आणि आदिवासी उमेदवाराला अडीच हजार रुपये डिपॉझिट. पडलेल्या एकूण चांगल्या मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत, तर ते पैसे बुडतात. पण खरा खर्च डिपॉझिटचा नाही. दोन महिने सगळे कार्यकर्ते प्रचारात गेले तर दाव्यांची कामं कोण बघणार? सभेने हे तोललं आणि ठरवलं, या खेपेला आपला उमेदवार नको. पुढच्या खेपेला सभा वेगळं ठरवू शकते. पण सभेने ठरवायचं, एकट्याने नाही.

दुसरी गोष्ट. उमेदवाराला भेटायचं ते उघड्यावर. सगळ्या उमेदवारांना एकच निरोप जाईल, एकाच दिवशी, एकाच मांडवात. जो येणार नाही त्याचं नाव वहीत लिहू. सगळ्यांना तेच प्रश्न. उत्तरं लिहून घेऊ, वाचून दाखवू, खाली त्याची सही. आणि या पत्रिकेत सगळ्यांची उत्तरं छापू, जो आपल्याला आवडत नाही त्याचीसुद्धा. कुणाची जाहिरात छापणार नाही. उमेदवाराच्या घरी, लॉजवर, रात्री एकट्याने भेटायला कुणी जायचं नाही. जावंच लागलं तर तिघांनी जायचं, त्यात एक बाई, आणि दुसऱ्या दिवशी पाड्यात येऊन काय बोलणं झालं ते सांगायचं.

प्रश्न काय विचारायचे? एखादा म्हणेल, "मला निवडून द्या, महिन्यात प्लॉट नावावर करून देतो." त्याला विचारा, कुठल्या कायद्याने? १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय जंगलजमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. एकट्या आमदाराच्या हातात ते नाही. मग त्याच्या हातात काय आहे? महाराष्ट्र सरकारचा २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय आहे की ३१ मार्च १९७८ पर्यंतची आदिवासींची वनजमिनीवरची कसवणूक नियमित करायची. वीस वर्षं झाली. त्या दाव्यांचं काय झालं, हा प्रश्न तो विधानसभेत विचारू शकतो. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सांगितलं की दाव्यांची नीट चौकशी करा, कागद नाही एवढ्यावर दावा टाकून देऊ नका, बाकीचा पुरावा पण बघा. चौकशीला अधिकारी पाड्यात यावेत म्हणून तो तहसीलदाराकडे बसू शकतो. १९९६ चा कायदा आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देतो. ते अधिकार कागदावरून गावात यावेत म्हणून तो भांडू शकतो. उभ्या पिकात फॉरेस्टवाले आले तर तो बांधावर येऊ शकतो. हे विचारा. जे होण्यासारखं आहे ते मागा. खोटं आश्वासन मागितलं की खोटंच मिळतं.

तिसरी गोष्ट, आणि भांडण इथंच होतं. एखाद्या सभासदाला स्वतःच्या मनाने कुणाचा प्रचार करायचा असेल तर? करू दे. त्याला मतदाराचा हक्क आहे, संघटनेत आला म्हणून तो हक्क गेला नाही. भाचा उभा आहे, मेहुणा उभा आहे, त्याने घरोघर फिरावं, पोलिंग एजंट व्हावं. पण तीन गोष्टी घरी ठेवून जावं. संघटनेचा झेंडा, संघटनेचा बिल्ला, आणि "संघटना आमच्याकडं आहे" हे वाक्य. "मी अमुक पाड्याचा, माझं स्वतःचं मत असं" एवढं बोलावं. आणि संघटनेने रीतसर एखाद्याला पाठिंबा दिला, तरी दुसऱ्याचा प्रचार करणाऱ्या सभासदाला काढायचं नाही. त्याचा दावा, त्याची केस, त्याची खावटी, यातलं एकही काम थांबवायचं नाही.

पण ज्याच्याकडे पद आहे त्याचं वेगळं. समितीचा सभासद, सेक्रेटरी, खजिनदार, यांनी प्रचार करायचा असेल किंवा स्वतः उभं राहायचं असेल, तर निकाल लागेपर्यंत पद खाली ठेवायचं. वही, पावतीपुस्तक, शिक्का, झेंडा, सगळं समितीकडे द्यायचं. ही शिक्षा नाही. निकालानंतर पाड्याची बैठक होईल आणि बैठक म्हणाली तर तो परत पदावर येईल. फक्त संघटनेने ठरवलेल्या पाठिंब्याचा प्रचार असेल तर पद ठेवून करता येईल, कारण ते काम संघटनेचंच आहे.

काल एका बाईने मला विचारलं, "माझा नवरा प्रचारात आहे आणि मी समितीत. मग मी पण पद सोडू का?" नाही. तिचं पद तिचं आहे, नवऱ्याचं नाही. तिने प्रचारात जाऊ नये एवढंच. मला पण तेव्हा दिराच्या पक्षाशी देणंघेणं नव्हतं. पण झेंडा माझ्याकडे होता, आणि मागणारा घरचा होता. घरच्या माणसाला नाही म्हणणं फार कठीण असतं. म्हणून आता झेंडा एकाच घरी ठेवत नाही. निवडणुकीच्या दिवसांत झेंडा आणि बिल्ले कार्यालयात पेटीत राहतील. पेटीला दोन कुलुपं, दोन किल्ल्या दोन पाड्यांत.

चौथी गोष्ट, पैसा. उमेदवाराकडून संघटना एक रुपया घेणार नाही. चहाचा नाही, पत्रकाचा नाही, मांडवाचा नाही. आणि मतासाठी पैसे देणारा जसा गुन्हेगार, तसा घेणारा पण. कायद्यात दोघांना शिक्षा आहे. बाटली आणि मटण पण त्यातच आलं. मतदानाच्या दिवशी उमेदवाराने जीप लावून मतदारांना फुकट नेणं हाही गुन्हा आहे. केंद्र लांब असलं तर आपण पहाटे मिळून चालत जाऊ. म्हाताऱ्यांना बैलगाडीत घेऊ.

पाचवी गोष्ट, शपथ आणि वाळीत. नारळ हातात देऊन शपथ घ्यायला लावतात. भगताला मध्ये घालून देवाचा कोप होईल म्हणून सांगतात. अमक्याला मत दिलं नाही तर जातीबाहेर टाकू म्हणतात. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी असं करणं निवडणुकीच्या कायद्यात गैर आहे, आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवड कोर्टात रद्द होऊ शकते. आणि आपल्यातल्या कुणी, संघटनेचं मत मोडलं म्हणून, एखाद्या घराचं पाणी बंद केलं, लग्नाला जाणं बंद केलं, तर आपण पण तेच करतो. ते आपल्याला चालणार नाही. मत गुप्त आहे. नवऱ्याने बायकोला विचारायचं नाही, तू कुणाला दिलंस. समितीने पण विचारायचं नाही.

शेवटची गोष्ट. निकाल लागला की दुसऱ्या रविवारी प्रत्येक पाड्यात बैठक. जिंकलेल्यांनी गुलाल घरी धुवून यायचं. त्या बैठकीत एकच विषय. कुणाचे दावे अडलेत, कुणाच्या प्लॉटवर नोटीस आलीय, आणि ढोल कुणाकडे ठेवायचा. निवडून आलेल्या माणसाला मग त्याच्या सहीचा कागद दाखवायला जाऊ, तो आपल्याला आवडणारा असो किंवा नसो.

मला आता खजिनदार नको म्हणून सांगितलं होतं मी. त्या दहा घरांनीच मला परत उभं केलं. म्हणाले, चूक कबूल केलीस ना, मग आता तूच राखणदार हो. म्हणून आज बोलायला उभी राहिले.

पुढच्या अमावस्येच्या आत सगळ्या पाड्यांच्या वह्या समितीकडे याव्यात. ज्या पाड्याला लिहिणारा नाही त्याने निरोप धाडावा, आम्ही चालत येऊ.

जोहार. संघटना जिंदाबाद!