मालवणात काय पाहाल?



ह्या व्यासपीठावरून आजवर वेदान्त झाला, अर्थशास्त्र झाले, काव्यचर्चाही पुष्कळ झाली. आज तुमच्या वाट्याला कामगार चळवळीतला एक माणूस आला आहे, आणि तोही सहलीचा विषय घेऊन! चालकांच्या पत्रात असे होते की, सुट्टी लागली की आमचे अर्धे शहर घाट उतरून मालवणला जाते. तेव्हा तिथे काय पाहावे हे तिथल्याच माणसाने येऊन सांगावे. आम्ही लगेच होकार कळवला. आमची शाळा सातवीत सुटली. पुढची विद्या युनियनच्या कचेरीतली, वर्तमानपत्रातली आणि वाचनालयातल्या फुकट बाकावरची. म्हणून शास्त्रार्थ आमच्याकडून होणार नाही. परंतु पाहुण्याला वाट दाखवणे हे आमच्या गावात पोरसोरही करते, तेवढे आम्हांलाही जमेल.

आता पाहुणा विचारतो ते असे: "इथे बघण्यासारखे काय आहे?" आणि आमचा रिक्षावाला, खानावळवाला, घरात खोल्या भाड्याने देणारी वहिनी, सगळे एकाच दमात सांगतात: किल्ला, तारकर्ली, देवबागचा संगम, त्सुनामी बेट, रॉक गार्डन, पाण्याखालचे मासे. यादी खोटी नाही. ही सगळी स्थळे सुंदर आहेत आणि तुम्ही ती पाहालच. त्यांसाठी व्याख्यान कशाला हवे? आमची तक्रार एवढीच की, ह्या यादीत माणूस कुठे नाही. किनारा जणू देवाने तुमच्या सुट्टीसाठी झाडून ठेवला आहे! तो झाडतो कोण, त्यावर पोट कुणाचे चालते, हे दिसल्याशिवाय मालवण पाहिले असे आम्ही तरी म्हणणार नाही.

प्रथम किल्ला. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली ती 25 नोव्हेंबर 1664 रोजी, आणि 1667 मध्ये काम पुरे झाले. तीन वर्षांत, भर समुद्रात, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट! धक्क्यावरून होडीत बसलात की पाव तासात तुम्ही तटाखाली येता, आणि तरीही दरवाजा दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडून तो उघडतो. आत 1695 मध्ये राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. तिथली महाराजांची मूर्ती आपल्या नेहमीच्या चित्रातल्यासारखी नाही, हे मुलांना मुद्दाम दाखवा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे गोडे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत आमच्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन आहेत.

गाइड तुम्हांला सांगेल की, तीन हजार माणसे इथे खपत होती आणि पायाच्या दगडांत शिसे ओतले आहे. ऐकून "वा!" म्हणून पुढे जाऊ नका. त्या तीन हजारांत पाथरवट होते, लोहार होते, चुना मळणारे होते, आणि दगडाने भरलेली होडी खडकांतून नेणारे आमचे दर्यावर्दी होते. तटाला हात लावून पाहा. साडेतीनशे पावसाळे त्याने अंगावर घेतले आहेत. समोरच राजकोटला डिसेंबर 2023 मध्ये महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. 2025 मध्ये त्या जागी नवा उभारला आहे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहून या, म्हणजे कामाचा दर्जा म्हणजे काय ते कळायला व्याख्यान लागणार नाही. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडाही चुकवू नका. किल्ल्याचा पाया घालण्याआधी महाराजांनी पूजा केली ती तिथे, असे सांगतात. खडकावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. तिथे तिकीट नाही आणि गर्दीही नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्हांला कुणी विचारले की, मालवणात एकच गोष्ट पाहायची तर कोणती, तर आम्ही सांगू, रापण.

पहाटे उठा आणि किनाऱ्याने चालू लागा. एखादा म्हातारा रापणकर पाण्याकडे डोळे लावून उभा दिसेल. पक्षी कुठे घिरट्या घालतात, पाण्याचा रंग कुठे काळवंडला आहे, हे तो वाचत असतो. ह्या वाचनाला शाळा नाही. मासळीचा थवा दिसला की होडी सुटते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर राहतो. होडी समुद्रात मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन रांगा लागतात. एकेका रांगेत वीस-वीस, तीस-तीस माणसे, पाय वाळूत रोवून, मागे मागे सरत दोर ओढतात. शेवटचा माणूस दोर सोडतो आणि पुढे धावत पाण्याजवळ पुन्हा धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येत जातात. दोन-तीन तास हे चालते. शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर येते आणि त्यात तारली, बांगडे, पेडवे उसळत असतात. आणि कधी कधी, हेही सांगितले पाहिजे, शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात.

हे झाले डोळ्यांना दिसते ते. आम्हांला जास्त मोल आहे ते न दिसणाऱ्या गोष्टीचे. ती रापण एकट्या मालकाची नसते. रापणकरांचा संघ असतो. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीजाळ्याचा वाटा वेगळा, आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला, तर त्यालाही चार मासे मिळतात. आमच्या चळवळीत सहकार, भागीदारी, नफ्यातला हिस्सा ह्यांवर केवढाली पुस्तके निघाली! आम्ही ती वाचली आहेत, काही समजली आणि काही नाही. परंतु आमच्या गाबीत बांधवांनी हा हिशेब वाळूवर बसून कितीतरी आधी सोडवला होता. तुम्ही तिथे कॅमेरा घेऊन उभे राहिलात तर कुणीतरी नक्की ओरडेल, "नुसते बघतास कित्याक? दोराक हात लावा!" लावा. हाताला फोड येईल, पण सहलीत ह्याच्यापेक्षा मोठी मौज आम्हांला ठाऊक नाही.

मात्र ही रापण किती वर्षे दिसेल? एका बाजूने समुद्रात मोठी यंत्रे आली. पर्ससीन जाळ्याची नौका थवाच्या थवा बाहेरच्या बाहेर घेरून उचलते, मग किनाऱ्यापर्यंत येणार काय? आमच्या मच्छीमारांनी ह्यासाठी मोर्चे काढले, रस्ते अडवले. 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. 2017 मध्ये केंद्राने विजेचे प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. 2021 मध्ये राज्याच्या कायद्यातले दंड वाढले. कायदे कागदावर चांगले आहेत. रात्री समुद्रात दिवे अजून दिसतात, असे मच्छीमार सांगतात.

दुसरी बाजू तुमची आहे, आणि ती तुमच्याच घरात येऊन बोलतो म्हणून रागावू नका. रापण ओढायला मोकळी वाळू लागते. त्या वाळूवर आता छत्र्या, खुर्च्या, पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरी आणि चारचाकी फटफट्या आल्या. दोर ओढणारी रांग मागे सरते आणि कुणाच्या तरी खुर्चीला अडते. मग खुर्चीवाला म्हणतो, पाहुण्यांना त्रास होतो. पाहुण्याला मुळी कुणी विचारलेलेच नसते! म्हणून आमचे मागणे एवढेच की, खुर्ची मागण्याआधी विचारा: इथे रापण लागते काय?

कुणी म्हणेल, युनियनवाला आहे, पाहुण्यांच्या विरुद्ध बोलणारच. तसे नाही. आमच्या मुलखाचा इतिहास मनीऑर्डरचा. घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत, आणि महिन्याच्या महिन्याला पोस्टमनची वाट. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. वडील गिरणीत होते. त्यानंतर आमच्या अंगणात पोस्टमन आला तो बहुधा पत्र घेऊनच आला. 1997 मध्ये आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, आणि मुंबईला जाणाऱ्या पोरांपैकी काही घरी राहू लागली. हे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पर्यटन ही आमची नवी गिरणी आहे. परंतु गिरणी म्हटली की कामाचे तास, सुट्टी, पगार, अपघात हे प्रश्न आलेच, आणि इथे गेटसभा घ्यायला गेटच नाही!

तुम्हांला पाण्याखालचे प्रवाळ दाखवणारा जो मुलगा असतो, त्याला पाहा. हात धरून तो तुम्हांला खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो, आणि लगेच पुढच्या माणसाला घेऊन पुन्हा खाली. हंगामात असे दिवसभर. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, बुडी मारणे बंद. त्या महिन्यांचा पगार त्याला कोण देतो? कुणी नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हा होडीत चढताना लाइफ जॅकेट मागा, माणसे जास्त भरली असली तर उतरा, आणि "उशीर होतो, चल लवकर" असे नावाड्याला म्हणू नका. तुमच्या घाईमुळेच मालक एक फेरी वाढवतो. खाली गेल्यावर प्रवाळावर पाय ठेवू नका. तो खडक नाही, जिवंत प्राणी आहे. 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. आमच्या मच्छीमारांचे त्या अभयारण्याशी जुने भांडण आहे, पण प्रवाळ मोडावे असे त्यांतला कुणीही म्हणत नाही.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहा. तिथे बोली लावणाऱ्या बायकांचे गणित पाहून तुमचे बाजारपेठेतले व्यापारीही पागोटे उतरवतील. घासाघीस करायची तर हॉटेलवाल्याशी करा, टोपलीवालीशी नको.

मुक्काम मोठा असेल तर एक दिवस कुडाळच्या रस्त्याने धामापूरला जा. 1530 मध्ये बांधलेला तलाव, काठावर भगवतीचे देऊळ, आणि भोवती झाडी. जुन्या काळी लग्नकार्याला फुलांची परडी पाण्यात सोडली की दागिने वर येत, कार्य झाले की ते परत करायचे, अशी कथा आहे. कुणी एकाने परत केले नाहीत आणि ते बंद झाले. आम्ही ही कथा पतपेढीच्या सभेत फार वेळा वापरली आहे.

आता शेवटचे, केव्हा यावे? तुम्ही मेमध्ये येता, कारण मुलांची शाळा तेव्हा सुटते. उन्हाने वाळू तापलेली, खोल्या भरलेल्या, आंबा मात्र चांगला. परंतु जमल्यास नाताळच्या सुमारास या. समुद्र शांत असतो, रापण लागते, आणि गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे त्या नटांविषयी आमच्याकडे म्हणतात. खरोखरच इंद्राचा मुकुट घालणारा माणूस पहाटे आपली पेटी उचलून दुसऱ्या गावाच्या वाटेला लागतो. जत्रेतला खाजा घ्या. आणि जिथे उतराल तिथल्या वहिनींना आदल्या रात्रीच सांगून ठेवा की, सकाळी रापणीवर जाणार आहोत, तिरफळे आणि वाटण तयार ठेवा. वाट्याचे बांगडे घेऊन तुम्ही परत याल तेव्हा चूल पेटलेली असली पाहिजे.